पाण्याची ओटी

पहाटे साडेपाचला उकंडराव टाकीखाली उभे.
हातात बोटाएवढी काचनळी,
खिशात थेंबांची बाटली.
एक थेंब, नळी हलवायची,
मागून टॉर्च धरायचा
आणि पिवळ्याची वाट पाहायची.
पिवळं झालं तर मेसची घंटा.
नाही झालं तर
उपकेंद्रात कुणी पाणी तोंडाला लावायचं नाही.

याला ते 'ओटी' म्हणतात,
पंचायतीच्या प्रशिक्षणात मिळालेला शब्द.
मेसच्या कौसल्याबाई हसतात,
"पान्याची बी ओटी भरता काय हो?"
"भरा लागते. खोलीखोलीत जाते थे.
रिकामी कशी धाडू?"

हे सगळं आता.
त्या ऑक्टोबरात घंटा आपली आपोआप वाजायची.

पहिली प्रणोती मसराम, आमच्या नऊ नंबरातली.
आम्ही म्हणालो, पित्त असेल.
परीक्षा आठ दिवसांवर,
रेक्टरबाईंना कळलं तर घरी धाडतील,
म्हणून तिचा ताप चादरीखाली लपवला.
एकाच पेल्यानं तिला पाजलं
आणि त्याच पेल्यानं आम्ही प्यालो.
संडासाच्या खिडकीत
साबणाची वडी तडकून पडली होती
जूनपासून.

तिचे बाबा आले,
मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून घेऊन गेले.
गावात कुणीतरी चुन्याच्या पाण्यात तिचे हात धुतले.
थाळी पिवळी झाली.
उतरली, म्हणाले सगळे.
रात्री फोन आला तिचा,
"थाळी पिवयी झाली वं,
पन डोये तसेच हायेत."

मग अकरा नंबर. मग कोपऱ्यातल्या दोघी.
मग मुलांच्या वसतिगृहात एकदम सतरा.
फलकावर कागद लागला:
'विद्यार्थ्यांनी स्वच्छता पाळावी.'
खाली गोल शिक्का, जरा तिरपा.

उकंडराव कागद वाचून
कुदळ घेऊन मेसच्या मागं गेले.
सगळं गवत करपलेलं,
फक्त एक पट्टा हिरवागार,
संडासाच्या टाकीपासून आमच्या पाइपापर्यंत
कुणी लुगडं वाळत घातल्यासारखा.
"जूनमंधी अर्ज देल्ला होता," एवढंच म्हणाले
आणि खणायला लागले.
गुडघाभर खोलीवर
पाइपाला बोटभर चीर.

पाइप बदलला. टँकर आला.
आजाऱ्यांच्या ताटांना आम्ही
नेलपेंटचे लाल ठिपके लावले.
मी अठ्ठावीस दिवस मोजले.
रोज सकाळी आरशात
खालची पापणी ओढून पाहायची,
रोज वाटायचं, कालच्यापेक्षा जरा...
बांधापलीकडं तूर फुलली
तर तिच्याकडंही मला धड बघवेना.

त्याच दिवसांत त्यांनी मला नळी धरायला शिकवलं.
आणि न विचारताच नावाचं सांगितलं:
आधीची चार पटकीत गेली.
पाचवा झाला तर मायनं उकिरड्यावर नेऊन ठेवला,
मरणाला वाटावं, हे टाकून दिलेलं आहे.
म्हणून उकंडा.
"तिले जे सुचलं थे तिनं केलं," म्हणाले.
"मले हे थेंब भेटले."
आणि बाटलीचं बूच घट्ट फिरवलं.

डिसेंबरात एका सकाळी ते रजेवर.
थंडीत बोटं वाकत नव्हती.
थेंब टाकला. हलवली. टॉर्च.
काही नाही.
पुन्हा टाकला.
पाणी तसंच, आरपार,
नळीमागचं माझं नखसुद्धा दिसत होतं.
इतकं सुंदर पाणी मी कधी पाहिलं नव्हतं.

घंटेची दोरी सोडून दिली.
मागं बादल्या आपटायला लागल्या,
"काऊन थांबवलं वं? पेपर आहे आमचा!"
रांगेत तिसरी प्रणोती होती,
परवाच परतलेली, गालफडं बसलेली,
रात्रीचीच भरलेली बाटली उघडून तोंडापाशी नेलेली.
तिनं माझ्या हातातल्या नळीकडं पाहिलं.
बाटली खाली घेतली,
झाकण लावलं,
आणि चुलीपाशी जाऊन
कौसल्याबाईंना मोठं पातेलं मागितलं.